हेराल्ड मोटारीची चॅसी आणि तळाचा पत्रा घरी बदलला: एका पावसाळ्यानंतर काय टिकलं, काय उखडलं

आधी निकाल सांगतो, मग तपशील. जिथे सडका पत्रा कापून नवा जोडला, तिथे अख्खा पावसाळा गेल्यावरही स्क्रूड्रायव्हरचं टोक रुतत नाही. जिथे कापायला जागाच नव्हती आणि रस्ट कन्व्हर्टरवर, म्हणजे गंजावर लावायच्या रसायनावर, भागवावं लागलं, तिथे काही सांध्यांत तांबूस कड पुन्हा दिसायला लागली आहे. चॅसीच्या पोकळ बॉक्सच्या पोटात फवारलेलं मेण हे सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं काम निघालं. बाजारातून आणलेलं रबरी अंडरबॉडी कोटिंग मात्र मी पुन्हा वापरणार नाही.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, दोन दरवाजांची, साठच्या दशकातली, वडिलांनी घेतलेली. मूळची ही इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. १९५९ साली बाजारात आली, डिझाइन इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉटींचं. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती बनवली, इंजिन ९४८ सीसी. अँबॅसडर किंवा फियाटला वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार घेते. हेराल्डला खरीखुरी वेगळी चॅसी आहे: मधून जाणाऱ्या दोन मुख्य दांड्या, त्यांच्यापासून बाजूला निघणारे आउटरिगर म्हणजे आडवे हात, आणि वर बोल्टने बसवलेली बॉडी. दाराखालच्या पट्ट्यासुद्धा नुसत्या बोल्टवर असतात, त्यांच्यावर भार नसतो. घरी काम करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. पाना घेतला की गाडी सुटी होत जाते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की चॅसी गेली तर गाडी गेली. वरचा रंग कितीही चकाकू दे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घुसलं तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये ही गाडी सीटपर्यंत बुडाली होती. इंजिन, वायरिंग, गादी यांचं सगळे बोलतात आणि त्यांच्यामागे सगळे धावतातही. चॅसीच्या पोकळ बॉक्समध्ये शिरलेल्या गाळाचा विचार सहसा कोणी करत नाही. तो गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात राहतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत आत चाळण झालेली असते. पुरातून निघालेली कुठलीही गाडी तुमच्याकडे असेल, जुनी असो वा नवी, तर आधी खाली वाकून बघा.

पाणीगेटला एक जुने डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी येऊन लहान हातोडीने अख्खा खालचा भाग वाजवून पाहिला. ‘वागे ते राखो, न वागे ते कापो,’ एवढंच म्हणाले. वाजेल तो ठेवा, बद्द बोलेल तो कापा. हातोडी आणि खडू. जिथे आवाज बसका आला तिथे खडूने रेघ मारत गेलो. डावीकडचा मागचा आउटरिगर जवळजवळ पूर्ण, उजवीकडचा अर्धा, ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ आणि मागच्या सीटपुढची उभी पट्टी एवढं त्या रेघांत आलं. मुख्य दांड्या मात्र दोन्हीकडून खणखणीत वाजल्या. त्या बद्द बोलल्या असत्या तर मी हे काम घरी केलं नसतं.

डावा आउटरिगर कापला तेव्हाचं सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून ठरले. वरून डांबर, त्याखाली लांबी म्हणजे पुट्टी, त्याखाली कुणी तरी केव्हा तरी गॅस वेल्डिंगने चिकटवलेला पत्र्याचा तुकडा, त्याखाली आणखी एक तुकडा आणि सगळ्यात आत मूळचा पत्रा, बोटांनी चुरडेल असा. कटिंग व्हील दोन बाजूंनी फिरवून खालची बाजू उचलली तर आतून पुराचा गाळ वड्या पाडल्यासारखा निघाला. थरावर थर आणि मधेमधे गंजाचे लाल पापुद्रे. पूर ओसरून महिने लोटले होते, तरी सगळ्यात आतला थर हाताला गार आणि ओलसर लागत होता. या बॉक्सवर बाहेरून जगातला सर्वांत महाग रंग मारला असता तरी काय झालं असतं?

आता कापण्याआधीची तयारी. यात घाई करू नका. बॅटरी काढायची. पेट्रोलची टाकी डिकीत असते, ती काढून गाडीपासून लांब न्यायची. चॅसीला चिकटून जाणारे ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप सोडवायचे. तळावर आवाज दाबण्यासाठी चिकटवलेल्या डांबराच्या चादरी खरवडून काढायच्या, नाहीतर वेल्डिंगच्या ठिणगीने पेटतात. उन्हाळ्यात त्या मऊ पडून चिकटतात, थंडीत सकाळी मारलेल्या छिन्नीने खापरीसारख्या सुटतात. गाडी नुसत्या जॅकवर कधीच नाही, चार भक्कम घोड्यांवर म्हणजे स्टँडवर, आणि घोड्या मुख्य दांड्यांखाली.

बॉडी उचलून बाजूला ठेवायची की जागेवरच राहू द्यायची, हा मोठा प्रश्न. मी जागेवर ठेवली. बॉडीच चॅसीला साच्यासारखी धरून ठेवते, म्हणून एका वेळी एकच आउटरिगर कापायचा, तो पूर्ण जोडायचा आणि मग दुसऱ्याला हात लावायचा. दाराच्या चौकटीत बिजागरीपासून कुलपापर्यंत एक इंची चौकोनी पाइप आडवा बोल्टने कसला. दार आणि बॉडी यांच्यामधली फट लाकडी पट्टीने मोजून खूण केली, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पट्टी तिथेच घालून बघितली. हेराल्डच्या दाराची फट खोटं बोलत नाही. चॅसी जरा वाकली की दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागतं.

पत्रा घेताना सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्राच मागा. आउटरिगरसाठी १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. तळासाठी १८ गेज, साधारण १.२ मिलिमीटर. गॅल्वनाइज्ड पत्रा टिकेल म्हणून पुष्कळ जण तो सुचवतात. पण वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. आउटरिगरचे पुठ्ठ्याचे नमुने कापून मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, दिले. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपने लेझरने कापून, प्रेसवर वाकवून दिले, अगदी काटकोनात. घरी शिकंजात धरून ठोकून अशी धार येत नाही. बडोद्यात राहण्याचा हा फायदा आहे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हापासून या गावात हाताने काम करणाऱ्याला मान आहे, आणि एका गाडीचं एवढंसं काम घेऊन गेलं तरी कोणी हाकलत नाही.

तळाच्या पत्र्याला मात्र मी घरीच नाळ्या पाडल्या. मूळ तळावर लांबट खोबणी असतात. त्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यामुळे पत्रा ताठ राहतो. सपाट पत्रा बसवला तर गाडी चालताना तो ढोलकीसारखा थरथरतो. बाभळीच्या फळीत खाच कोरली, वर पत्रा ठेवला आणि गोल टोकाच्या लोखंडी पहारेवर हलके ठोके मारत गेलो. एका फेरीत पूर्ण खोली गाठायचा प्रयत्न केला तर पत्रा चिरतो. थोडं थोडं, सगळीकडून, पुन्हा पहिल्यापासून.

वेल्डिंग मशीनबद्दल सगळे विचारतात. माझं इन्व्हर्टरवालं मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं मशीन आहे, सिंगल फेजवर चालणारं, १५ अँपिअरच्या सॉकेटवर. ते गॅसशिवाय फ्लक्सच्या (पोटात पूड भरलेल्या) तारेवरही चालतं आणि गॅस लावून साध्या तारेवरही. दोन्ही वापरून झालेलं आहे, म्हणून ठामपणे सांगतो: पातळ पत्र्याला गॅसच लावा. फ्लक्सची तार जास्त तापते, पत्र्याला भोकं पाडते आणि प्रत्येक टाक्यानंतर वरची खपली काढत बसावं लागतं. आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, ०.८ मिलिमीटरची तार, आणि टाके सलग न मारता एक इकडे, एक तिकडे. मधे पत्रा निवला का ते बघायचं, हातमोजा काढून, हात अर्थात जरा लांब धरून. सलग ओढलेली रेघ दिसायला सुंदर असते, पण पत्रा वाकडा होतो. फ्लक्सची तार लावताना मशीनच्या आतल्या केबलची अदलाबदल करावी लागते. फ्लक्सला टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची बंदूक) ऋण, गॅसला टॉर्च धन. ‘मशीन खराब आहे, नुसते फटाके उडतात’ ही तक्रार ऐकली की मी आधी हेच तपासायला सांगतो.

छोटे ब्रॅकेट, बिजागऱ्या, बोल्ट यांच्यासाठी साखर कारखान्यातली मळी आणली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात दोन-तीन आठवडे. वास भयंकर येतो, घरच्यांनी पिंप गच्चीवर न्यायला लावलं, पण गंज अलगद सुटतो आणि शाबूत लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात टाकू नका, खाऊन टाकते. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच वाळवा, तासाभरात पुन्हा लाली धरते.

रस्ट कन्व्हर्टरकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाच्या पातळ थराचं काळ्या, स्थिर थरात रूपांतर करतं. पातळ थराचं. जाड पापुद्र्यावर ओतलं तर वरचा भाग काळा होतो आणि खालचा गंज आपलं काम चालू ठेवतो. जिथे वायर ब्रश पोचला आणि धातू जवळजवळ उघडा झाला होता, तिथे माझ्याकडे ते उत्तम टिकलं आहे. दुहेरी पत्र्याच्या सांध्यात, जिथे नुसतं झिरपवलं होतं, तिथेच तांबूस कड दिसते आहे. आणखी एक गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात असते: आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट पकडत नाही. म्हणून पाण्याने पुसून पूर्ण वाळवा.

दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेन रंग, हे चॅसीवर पूर्ण समाधानकारक. मागच्या चाकाशेजारी खडी लागून एक टवका उडाला, पण प्रायमर शाबूत आहे. रंग ब्रशनेच लावला. फवारल्यावर हवेत पसरणारे आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतात आणि घरच्या पार्किंगमध्ये त्याची पुरेशी सोय करता येत नाही. हवामानाकडे बघून काम काढा. हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असताना रंग लावू नये आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त हवं. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे: जून ते सप्टेंबर रंगकाम बंद. कडक उन्हाळ्यात उलटी अडचण, कालवलेला प्रायमर डब्यातच घट्ट व्हायला लागतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम.

रबरी कोटिंग मी फक्त मागच्या चाकांच्या कमानीत लावलं होतं, तुलना करायला. पावसाळ्यानंतर कडेला नख घातलं तर सालासारखं सुटून आलं आणि मागे ओल होती. वरून मात्र अगदी नवं दिसत होतं, हेच त्याचं वाईट. कंपनीचं नाव देत नाही, कारण हा दोष या प्रकाराचाच वाटतो. टणक झालं की एकदा चीर पडते आणि पाणी आत अडकून राहतं.

मेणाचं वेगळं आहे. लांब लवचिक नळी आणि टोकाला चहूबाजूंनी फवारणारी तोटी घेऊन प्रत्येक बॉक्समध्ये मेण मारलं. ते सांध्यांत रांगत जातं आणि मऊच राहतं. मे महिन्यात पारा चढला तेव्हा निचऱ्याच्या भोकांतून फरशीवर थेंब पडले, पाऊस येण्याआधी पुन्हा एक हात दिला. पावसाळ्यानंतर बोअरस्कोप, म्हणजे मोबाइलला लागणारा छोटा कॅमेरा, आत घालून पाहिलं. नव्या आउटरिगरच्या वेल्डिंगवरसुद्धा पिवळसर थर सलग आहे. निचऱ्याची भोकं मेणाने बुजली नाहीत ना, हे तारेने बघत जा.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण चॅसी कापताना ते डोक्यात हवं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं. अट अशी, की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणून मी जाड पाइप घालून मजबुती करण्याचा सल्ला ऐकला नाही. मूळ आकार, मूळ जागा, मूळ भोकं. चॅसी नंबर जिथे आहे त्याच्या आसपास ग्राइंडर फिरवला नाही, आणि कापण्याआधी व नंतरचे फोटो तारखेसकट ठेवले आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात झालेल्या कॉन्कोर्समध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत, अप्रतिम गाड्या पाहिल्या होत्या. तसं काम मला करायचं नव्हतं. माझ्या नातीला मागच्या सीटवर बसवून सिंधरोटपर्यंत जाता यावं आणि पायाखालच्या पत्र्याची काळजी वाटू नये, एवढंच हवं होतं. ते झालं आहे. खड्ड्यात तळाचा खडखड आवाज येत नाही, दारं एका बोटाने लागतात, पाऊस पडून गेल्यावर गालिचा उचलला तर खाली कोरडं असतं.

हे काम कोणी घरी करावं? ज्याच्या मुख्य दांड्या शाबूत आहेत, ज्याला गाडी काही महिने घोड्यांवर ठेवता येईल आणि जो आधी भंगारातल्या पत्र्यावर मनसोक्त वेल्डिंग करून हात बसवेल, त्याने जरूर करावं. डिफरन्शियल (मागच्या चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारी गिअरपेटी) जिथे टांगलेलं असतं तो भाग गंजला असेल तर साचा असलेल्या चांगल्या कारागिराकडे द्या. तिथे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर मागची चाकं तिरकी चालतात. माझ्याकडे आता त्या दुहेरी पत्र्याच्या सांध्यांचं काम उरलं आहे. थंडी पडली की कन्व्हर्टरचा नाद सोडून ते उघडणार आणि नवा पत्रा घालणार. १६ गेजचा तुकडा मकरपुऱ्यातून कापून आणून ठेवला आहे.