वसतिगृह की स्वयंम?

पाड्यावरून, तांड्यावरून सोलापुरात शिकायला येणाऱ्या आदिवासी पोराला विचारा, पहिली अडचण अभ्यासाची नसते. डोक्यावर छप्पर शोधायची असते. सरकारकडे त्यासाठी दोन वाटा आहेत: आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, नाहीतर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना.

वसतिगृहात राहणं फुकट आणि घरमालकाची कटकट नाही. ही कटकट किरकोळ समजू नका. फासेपारधी पोराने आडनाव सांगितलं की "खोली कालच गेली" हे ठरलेलं उत्तर. ज्या शहरात 1952 पर्यंत या लोकांना सेटलमेंटच्या, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबायच्या वसाहतीच्या, तारेआड ठेवलं होतं, तिथे तो संशय अजून गेलेला नाही. शिवाय वसतिगृहात आपल्या बोलीत बोलणारी चार पोरं भेटतात. जेवणाचं मात्र 2018 पासून बऱ्याच ठिकाणी बदललं. मेस बंद, पैसे खात्यात. त्याविरुद्ध पोरांनी पुण्याहून नाशिककडे मोर्चाही काढला.

स्वयंम 2016 ची. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी. जेवण, भाडं, वह्या-पुस्तकांचे पैसे थेट खात्यात. मुंबई-पुण्यात वर्षाला 60 हजार, लहान शहरात कमी. केगावला विद्यापीठाजवळ खोली घेता येते, हे मोकळेपण खरं. पण हप्ता लांबला की घरमालक थांबत नाही, आणि कडक भाकरी-शेंगाचटणीवर महिना निघतो.

जातीचा दाखला दोन्हीकडे लागतो. जागा मिळत असेल तर पहिल्या वर्षाच्या पोराला मी वसतिगृहच सांगेन. तिसऱ्या वर्षाला हवं तर खोली बघ म्हणावं.