एमबीए रिअल इस्टेट, सांगलीत राहून : १० महिन्यांनंतर

ॲडमिशन घ्यायच्या आधी मी पण असंच कुणीतरी काही लिहिलंय का शोधत होतो, सापडलं ते सगळं मुंबई-पुण्याच्या लोकांचं, म्हणून हे लिहायला घेतलंय. दोन वर्षांचा एमबीए, स्पेशलायझेशन रिअल इस्टेट, शनिवार-रविवार ऑनलाईन लेक्चर आणि दोन महिन्यातनं एकदा पुण्याला तीन दिवस हजेरी. फी साडेचार लाखाच्या घरात. संस्थेचं नाव घेत नाही कारण पुढं थोडं वाकडं पण लिहिणार आहे.

मी बीकॉम, नंतर पाच वर्षं काकाच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेत एक गाळा, चार खुर्च्या, भिंतीवर लेआउटचा नकाशा आणि दिवसाला वीस चहा. प्लॉटिंग करतो, दोन अपार्टमेंट पण केली. फी भरायची म्हणलं तेव्हा काका म्हणाला, "जमीन काय वर्गात बसून कळती व्हय? पायाखाली घातल्याशिवाय कळत नाही." ह्यात तो निम्मा बरोबर निघाला, ते पुढं येईलच.

पहिल्या सेमिस्टरला अकाउंट्स, मार्केटिंग वगैरे जे सगळ्या एमबीएला असतं तेच, त्यावर काही लिहिण्यासारखं नाही. मजा दुसऱ्या सेमिस्टरला, कॅप रेट शिकवला तिथनं. वर्षाचं निव्वळ उत्पन्न भागिले किंमत, एवढंच आहे ते, पण आमच्या धंद्यात हा प्रश्नच कुणी विचारत नाही. आमच्याकडं प्रश्न एकच, "पुढं काय रेट जाईल?" मी लगेच काकाचा भाड्यानं दिलेला गाळा घेतला. आजची किंमत ३८ लाख, भाडं महिना १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार, त्यातनं एक महिना रिकामा धरला, घरपट्टी आणि दुरुस्तीचे १८ हजार काढले, राहिले १ लाख ३६ हजार. म्हणजे साडेतीन टक्के! काकाला दाखवलं तर म्हणाला अरे पण मी तो २६ लाखाला घेतलाय की. म्हणलं काका, २६ ला घेतला हा तुमचा फायदा झाला, गाळा आज ३८ लाख अडकवून बसलाय आणि त्यावर साडेतीन टक्के देतोय. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

पण हा हिशोब मांडला त्याच एक्सेल शीटनं मला पण तोंडावर पाडलं. तोच गाळा १० वर्षांच्या कॅश फ्लोमध्ये, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पैशाच्या तक्त्यात घातला, किंमत आणि भाडं दोन्ही वर्षाला ४ टक्के वाढवलं तर आयआरआर, म्हणजे सगळं धरून अडकलेल्या पैशावर वर्षाला सुटणारा परतावा, साडेसात टक्क्याच्या आसपास येतो, ८ टक्के वाढवलं तर साडेअकराच्या पुढं. गाळा तोच, भाडेकरू तोच, फक्त मी एका सेलमध्ये आकडा बदलला. व्हॅल्युएशनच्या सरांनी हे फार चांगलं शिकवलं, की १० वर्षांच्या मॉडेलमध्ये खरी गोम शेवटच्या विक्रीच्या किमतीत असते. ८ लाख उत्पन्नाची बिल्डिंग ८ टक्के कॅप रेटनं धरली तर १ कोटीची, ७ नं धरली तर १ कोटी १४ लाखाची. कुणी प्रोजेक्ट रिपोर्ट दिला की मी आता आधी शेवटचं पान बघतो.

रेराचा, म्हणजे बिल्डरांना नियम घालणाऱ्या कायद्याचा भाग पण कामाचा आहे. कायदा २०१६ चा, महारेरा म्हणजे तो राबवणारं महाराष्ट्राचं प्राधिकरण २०१७ पासून, हे सगळ्यांना माहितीय, रजिस्टर करारनाम्याशिवाय १० टक्क्यापेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही हे पण ऐकून असतात. पण गिऱ्हाइकाचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात आणि ते त्याच प्रोजेक्टच्या जागेला आणि बांधकामाला, काम होईल तसे आर्किटेक्ट-इंजिनिअर-सीएच्या सर्टिफिकिटावर काढायचे, हे कॅश फ्लोमध्ये मांडून बघितलं की अंगावर येतं. एका स्कीमच्या बुकिंगवर दुसऱ्या जागेचा इसार द्यायचा ही आमच्या धंद्याची जुनी चाल, ती कुठं अडकते ते महिन्यावार दिसतं. आरईआयटीचं, म्हणजे भाड्याच्या बिल्डिंगांचे शेअरसारखे तुकडे बाजारात विकणाऱ्या ट्रस्टचं एक युनिट होतं, ऐकायला छान, आपल्याकडं पहिला लिस्ट झाला एम्बसीचा २०१९ ला, वाटण्याजोग्या रोख उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावा लागतो वगैरे. परीक्षेपुरतं. सांगलीत त्याचा उपयोग स्वतःचे पैसे गुंतवायचे असतील तर.

आता वाकडं. पुस्तकं अमेरिकेची, उदाहरणं ऑफिस टॉवरची आणि मॉलची. त्यातनं एक गोष्ट मात्र डोक्यात बसली, विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ग्रास्कॅम्प म्हणून प्रोफेसर होते, पोलिओमुळं व्हीलचेअरवर, १९८८ ला वारले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कधी जागा वापर शोधत असते आणि कधी वापर जागा शोधत असतो, आपल्या हातात ह्यातलं काय आहे ते आधी ओळखा. आम्ही आयुष्यभर पहिलंच केलं, जागा घेऊन ठेवली आणि वापर शोधत बसलो. मिरजेत दवाखान्यांच्या आजूबाजूला पेशंटच्या नातेवाइकांना, नर्सिंगच्या पोरींना खोल्या लागतात, तिथं वापर जागा शोधतोय आणि आम्ही दोघांनी कधी तिकडं बघितलं नाही.

पण सातबारा, फेरफार, खातेफोड, बिनशेती ह्यावर सगळी मिळून दोन लेक्चर. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनींचा २००१ चा कायदा स्लाइडवर एका ओळीत! सांगली-मिरज-कुपवाडमध्ये निम्म्या वादाची गाठ तिथं पडते राव. २०२१ ला दुरुस्ती करून डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी पण नियमित करायची सोय केली, हे मला वर्गात नाही, काकाच्या टेबलावर कळलं.

आणि पूर. फिजिबिलिटीची, म्हणजे प्रोजेक्ट परवडतो का ते तपासायची असाइनमेंट होती, मी शामरावनगरकडचा ओळखीचा प्लॉट घेतला. टेम्प्लेटमध्ये नैसर्गिक धोका असा एक रकाना, १०० पैकी ५ मार्कांचा. आमच्याकडं तो रकाना म्हणजेच अख्खा पेपर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. २००५, २०१९, २०२१, सोळा वर्षांत तीन मोठे पूर. मी निळी रेषा-लाल रेषा मांडली, तर मुंबईच्या मॅडम विचारतात, रेड लाइन म्हणजे मेट्रो का? सांगितलं मॅडम, निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणारा, आणि निळीच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही. मग त्यांनी रस घेतला हे पण खरं. खाली पार्किंग ठेवून उंच बांधायचा जादा खर्च, तळमजल्याची पडती किंमत, पुराच्या वर्षी भाडं शून्य, सगळं शीटमध्ये घ्यायला लावलं. प्लॉट बसला नाही. एजंट अजून फोन करतोय.

वेअरहाउसिंगच्या धड्याला मला सारखी हरिपूरची पेवं आठवत होती, जमिनीत खड्डे करून हळद साठवायची, ना भाड्याचा पत्रा ना वीजबिल. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच घालवली. वर्गात सांगितलं तर लोकांना खोटं वाटलं.

बाकी किरकोळ: रेकॉर्डिंग आठवडाभर उशिरा येतं, सॉफ्टवेअरचं लायसन्स परीक्षेच्या आठवड्यात संपलं आणि दोन दिवस कुणी फोन उचलला नाही, प्लेसमेंटचं बोलणं सगळं पुणे-मुंबई. एक्सेल येत नसेल तर आधी शिका, तिथं कुणी थांबत नाही. आणि नुसती एजन्सी करायची असेल तर ह्या भानगडीत पडू नका, २०२३ पासून महारेरानं एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केलीय, तेवढं करा, साडेचार लाख वाचतील.

तिसऱ्या सेमिस्टरचे विषय ह्या आठवड्यात भरायचेत. काका म्हणतो कायदा घे. मी व्हॅल्युएशन टिक केलंय, आणि थिसिसला मिरजेच्या खोल्या. काल काकानं स्वतःहून विचारलं, तिकडं एक जुना वाडा निघालाय, तुझ्या त्या शीटात घालून बघतोस का.