मल्टिपर्पज मशीनला जोडटेबल: आठ महिने खाचा मारल्यानंतर

आरपार कापताना जोडटेबल, म्हणजे लांब फळीच्या आधाराला करवतीच्या टेबलाच्या बाजूला जोडलेला पाट, अर्धा मिलिमीटर खाली-वर असलं तरी फारसं बिघडत नाही, फळीचे दोन तुकडे होतातच. डॅडोला, म्हणजे कपाटाच्या बाजूला शेल्फ बसवायच्या आडव्या खाचेला, हे चालत नाही. जोडटेबल वर असेल तर फळी ब्लेडवर उचलली जाते. खाली असेल तर लांब फळीचं बाहेरचं टोक लोंबतं आणि फळी तिरपी होऊन पुन्हा ब्लेडवरच उचलली जाते. दोन्हीकडून खाच उथळ. १८ मिमी प्लायला आपण ६ मिमी खोली धरतो. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी कमी पडला की कपाट १ मिमी रुंद झालंच.

रंधा-करवत एकत्र असलेल्या मशीनवर ब्लेडचा शाफ्ट जागेवर असतो, खोली बदलायला टेबल वर-खाली करतात. त्यामुळे जमिनीवर पाय टेकवलेलं जोडटेबल प्रत्येक खोलीला नव्यानं जुळवावं लागतं. खानदेशात त्यात काळ्या मातीची भर. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि शेडमधली शहाबादी फरशी तिच्यासोबत हलते. मेमध्ये जुळवलेले पाय जुलैत २ मिमी चुकले. पाय काढूनच टाकले.

आता ५०×५०×६ मिमीचे दोन अँगल, प्रत्येकी १४५० मिमी, टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला आडवे बोल्ट केले आहेत. टेबल ४५० मिमी रुंद, डावीकडे ६०० आणि उजवीकडे ४०० मिमी बाहेर. ४० चा अँगल घेऊ नका, टोकाला हात टेकला की दबतो. टेबल बिडाचं असल्यानं भोकं कोरडीच पाडायची: ६.८ मिमी ड्रिल, मग एम८ टॅपनं आटे, प्रत्येक कडेला तीन. अँगलमधलं भोक १० मिमी ठेवा, म्हणजे वर-खाली सरकवायला जागा राहते. अँगलचा माथा टेबलाच्या पातळीपेक्षा २० मिमी खाली येतो, त्यामुळे मायटर गेजची (फळी काटकोनात धरून ढकलायच्या सरकत्या पट्टीची) टेबलातली खाचही झाकली जात नाही.

वर १८ मिमी प्लाय, दोन्ही बाजूंना सनमायका. एकाच बाजूला लावली तर पावसाळ्यात पाट वाकतो, ही कंजुषी नडते. जुळवणी दीड मीटरच्या अॅल्युमिनियम सरळपट्टीनं आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), ०.१ मिमीपर्यंत आणलं की पुरे. शेवटची कसर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून भरली, तो साधारण ०.१ मिमीचाच असतो. बोल्टला स्प्रिंग वॉशर हवाच. तरी कंपनानं दर पंधरा दिवसांनी एखादा ढिला मिळतो.

तोटाही आहे. अँगलचं वजनच १३ किलो, वर प्लाय. उचलायचा स्क्रू जड फिरतो. खोली लावताना टेबल आधी जास्त खाली न्यायचं आणि वर आणत थांबायचं, म्हणजे आट्यांची ढिलाई निघून जाते. मग लॉक. उलट केलं तर वजनानं टेबल बसतं आणि खाच हळूहळू खोल होत जाते. दहाव्या फळीला लक्षात येतं. १२०० मिमीपेक्षा लांब फळीला बाहेर रोलर स्टँड लागतोच, तो १ मिमी खालीच ठेवा.

डॅडो सेटबद्दल, म्हणजे रुंद खाच मारायला दोन ब्लेडांमध्ये चिपर नावाची जाड पाती घालून केलेल्या जोडणीबद्दल, थोडक्यात: सेट चढवल्यावर नटाचे सगळे आटे शाफ्टवर बसले पाहिजेत, नाहीतर एक चिपर कमी करून दोन फेऱ्यांत खाच मारा. १८ चा प्लाय प्रत्यक्षात बऱ्याचदा १७.५ भरतो, म्हणून व्हर्नियर लावूनच रुंदी ठरवा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर मारा. खाचेला तुकडा सुटत नाही, म्हणून इथे फेन्सचा (ब्लेडला समांतर आधारपट्टीचा) स्टॉप म्हणून मायटर गेजसोबत वापर चालतो. आरपार कापताना मात्र कधीच नाही, तुकडा मध्ये अडकून अंगावर येतो. गार्ड निघालेलं असतं, तेव्हा हात ब्लेडच्या रेषेत नको, फळी दाबायला ढकलठोकळा घ्या. व्होल्टेज कमी असेल त्या वेळी डॅडो लावूच नये. मोटरची ताकद कमी पडते, ब्लेड मंदावतं आणि खाचेची भिंत जळते.