कोलमनस्कोप, नामिबिया: वाळूनं भरलेलं हिऱ्यांचं गाव (दोन सकाळी तरी ठेवाच)

नामिबियाहून आल्यापासून बरेच जण विचारतायत की काय बघितलं, कसं केलं, म्हणून आधी कोलमनस्कोपबद्दलच लिहिते. सोसुसव्लेईचे वाळूचे लाल डोंगर आणि इटोशातले हत्ती सगळ्यांच्या यादीत असतातच, पण हे हिऱ्यांसाठी वसलेलं आणि आता ओसाड पडलेलं गाव लोक शेवटच्या क्षणी वगळतात, कारण ते पार दक्षिणेला कोपऱ्यात आहे आणि राजधानी विंडहुकहून गाडीनं साडेआठशे किलोमीटरच्या आसपास पडतं. वगळू नका. आमच्या अख्ख्या ट्रिपमधे मला आणि बाबांना सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली जागा हीच.

बाबांचं कारण वेगळं होतं. ते चौतीस वर्षं हिऱ्यांचे असॉर्टर, म्हणजे हिरे पारखून प्रतवारी लावणारे होते, मुंबईत आधी ऑपेरा हाउसच्या हिरे बाजारात आणि शेवटची काही वर्षं बीकेसीला. आयुष्यभर चिमटा, आयग्लास आणि कागदाच्या पुड्या. इतका माल हाताखालून गेला पण हिरा जमिनीतून निघतो ती जमीन त्यांनी कधी बघितली नव्हती, आणि मी नोकरीसाठी जोहान्सबर्गला आल्यापासून त्यांचं हे एकच मागणं होतं.

आधी वेळेचं सांगते कारण आमची पहिली सकाळ त्यातच गेली. आम्ही ज्यांच्याकडून गाडी आणि हॉटेलं बुक केली त्यांनी छातीठोक सांगितलं होतं की दिवसभर उघडं असतं, अर्ध्या तासात बघून होतं. म्हणून आम्ही ऑस या छोट्या गावाहून आरामात निघालो, वाटेत गारुबच्या पाणवठ्यावर रानटी घोडे दिसतात तिथे तासभर थांबलो, आणि गेटवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गाव दुपारी एकला बंद होतं! सकाळी आठ ते एक, आणि गाइडची टूर साडेनऊ आणि अकराला, रविवारी एकच दहाला. आम्ही गेलो तेव्हाच्या या वेळा आहेत, जायच्या आधी एकदा बघून घ्या. सूर्योदयापासून आत जायचं असेल तर वेगळा फोटोग्राफीचा परवाना आधीच काढावा लागतो. त्या दिवशी मिळाला तेवढा पाऊण तास धावतपळत फिरलो, वारा सुटला होता, बाबांच्या डोळ्यांत वाळू गेली आणि काही धड बघणं झालं नाही. रात्री मी नवऱ्याला म्हटलं की उद्याचं फिश रिव्हर कॅन्यन राहू दे, इथेच परत जाऊ. तो निर्णय बरोबर ठरला.

दुसऱ्या दिवशी आठला हजर. ल्युडरिट्झ या समुद्रकाठच्या गावाहून दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, सकाळी समुद्राकडून धुकं आलेलं असतं, गार असतं, जॅकेट लागतंच. आणि त्या धुक्यातून टेकाडावर एकदम मोठमोठी जर्मन घरं दिसायला लागतात, उतरत्या छपरांची, दुमजली, व्हरांडे असलेली, आणि आजूबाजूला झाड म्हणून नाही.

टूर नक्की घ्या, तिकिटातच धरलेली होती आणि आमचा गाइड फार मनापासून सांगणारा होता. थोडक्यात गोष्ट अशी की १९०८ साली, हा देश जर्मन वसाहत होता तेव्हा, ल्युडरिट्झहून आत जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवरची वाळू उपसताना झकरायस लेवाला नावाच्या मजुराला एक चमकणारा खडा सापडला. त्यानं आधी दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलेलं होतं म्हणून त्याला तो काय आहे ते कळलं, आणि त्यानं तो आपल्या साहेबाला, आउगुस्ट श्टाउखला नेऊन दिला. श्टाउख बघता बघता कोट्यधीश झाला. लेवालाला काही मिळालं नाही. बाबांनी गाइडला हे दोनदा विचारलं, अजिबात काही नाही? गाइड म्हणाला, नाही. (श्टाउख पण पुढे सगळं गमावून १९४७ मधे गरिबीत मेला, ते वेगळं.)

त्यानंतर काही महिन्यांतच जर्मन सरकारनं ऑरेंज नदीपासून उत्तरेकडचा शंभर किलोमीटर रुंदीचा किनारपट्टा श्पेर्रगेबीट म्हणजे बंदी असलेला प्रदेश म्हणून जाहीर करून टाकला. तो भाग आता नॅशनल पार्क आहे, पण परवान्याशिवाय आजही आत जाता येत नाही आणि टूरच्या सुरुवातीलाच सांगतात की एकही खडा उचलायचा नाही. हे ऐकल्यावर बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पुढचे दोन तास तसेच फिरले. ज्या माणसाचा हात आयुष्यभर खड्यांवर चालला तो इथे हात मागे धरून वाळूकडे खाली वाकून बघत चाललाय, हे मी मागून बघत होते.

इथे खोल खाण वगैरे काही नाही हे आधी समजून घ्या, नाहीतर लोक खड्डा शोधत बसतात. हिरे वाळूतच वर पडलेले असायचे. मजूर ओळीनं गुडघ्यांवर, पोटावर सरपटत पुढे जायचे आणि हातानं वेचायचे. जवळच्या एका दरीत तर चांदण्यात हिरे चमकताना दिसायचे म्हणून तिला परीकथांची दरी असं नाव पडलं. ते तिथे कसे आले ते मला बाबांनी सांगितलं, गाइडच्या आधी! ऑरेंज नदीनं ते आतल्या भागातून वाहून समुद्रात आणले, समुद्राच्या प्रवाहानं उत्तरेला ढकलले, लाटांनी किनाऱ्यावर टाकले आणि वाऱ्यानं आत दरीत नेले. म्हणाले, "एवढ्या लांबच्या प्रवासात भेगांचा माल फुटून जातो गं, उरतो तो चोख. नामिबियाची रफ, म्हणजे कच्चे हिरे, आली की आम्ही टेबलाजवळ खुर्ची ओढून बसायचो."

आता गावाबद्दल. साधारण तीनशे जर्मन मोठी माणसं, चाळीसेक मुलं, आणि त्यांच्यासाठी काय नव्हतं ते विचारा. बेकरी, खाटकाचं दुकान, सोडा-लेमनेडचा कारखाना, शाळा, खाऱ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव, नाटकं आणि व्यायामासाठी मोठा हॉल. त्या हॉलखाली लाकडी बॉल टाकून खेळायची स्किटल्सची लेन आहे ती अजून शाबूत आहे. प्यायचं पाणी सुरुवातीला जहाजानं केपटाउनहून यायचं. मला सगळ्यात आवडला तो बर्फाचा कारखाना. भर वाळवंटात रोज प्रत्येक घराच्या दारात बर्फाची लादी, आणि कारखान्याची थंड हवा पाइपातून शेजारच्या खाटकाच्या कोठीत सोडलेली. यंत्राचे भाग अजून तिथेच आहेत, गंजलेले, पण कुठून काय जात होतं ते समजतं.

दवाखान्यात एक्स-रे मशीन होतं, दक्षिण गोलार्धातलं पहिलं असं तिथे अभिमानानं सांगतात. त्याचा उपयोग मोडलेल्या हाडांसाठी होताच, पण मजुरानं हिरा गिळलाय का ते बघायलाही होता. दवाखान्याचा लांबच लांब कॉरिडॉर आहे, एकामागोमाग एक दारं, तिथे मी जरा जास्त वेळ उभी राहिले. नवरा फोटो काढत पुढे गेला होता.

कारण हीच गोष्ट आहे जी मला इथे मुद्दाम लिहायची होती. ते आठशेच्या आसपास ओवाम्बो जमातीचे मजूर, देशाच्या उत्तरेकडून करारावर आलेले, बायकामुलं गावी ठेवून बराकींमधे राहिलेले, त्यांचं तुम्हाला सुंदर घरांमधून फिरताना काही दिसणार नाही. मॅनेजरचं घर आहे, हिशेबनिसाचं आहे, मास्तरांचं आहे, डॉक्टरचं आहे. म्हणून टूरमधे तुम्ही विचारा, मजूर कुठे राहायचे, काय खायचे, परत जाताना त्यांची झडती कशी व्हायची. आम्ही विचारल्यावर गाइड टूर संपल्यानंतर अर्धा तास आमच्याशी बोलत थांबला. आणि ज्या रुळांवर तो पहिला हिरा सापडला तो रेल्वेमार्ग इथल्या हेरेरो आणि नामा जमातींच्या कैद्यांकडून मरेस्तोवर काम करून घेऊन बांधलेला होता, १९०४ ते १९०८ मधे जर्मनांनी त्यांचा जो नरसंहार केला त्यातले कैदी. त्यांची छावणी ल्युडरिट्झच्या शार्क आयलंडवर होती. ती जागा आज कॅम्पसाइट आहे, लोक तिथे तंबू ठोकतात. आम्ही संध्याकाळी तिथे गेलो, थोडा वेळ उभे राहिलो आणि परत आलो. राहायला दुसरी जागा शोधा एवढंच मी म्हणेन.

टूरच्या आधी किंवा नंतर बाकीच्या घरांमधे आपलं आपण फिरायचं, आणि फोटोंमधे जे बघितलेलं असतं ते इथे. एका घरात आम्ही दार उघडायला गेलो तर ते हलेना, अर्ध्यापर्यंत वाळूत रुतलेलं आणि तसंच कायमचं उघडं राहिलेलं. वाकून आत गेलो तर खोलीत वाळूचा उतार थेट खिडकीपर्यंत चढलेला, त्याच्यावर वाऱ्यानं पाडलेल्या बारीक रेघा, आणि वर भिंतीवर निळा रंग आणि त्याखाली हातानं काढलेली नक्षीची पट्टी अजून स्वच्छ दिसतेय. छताच्या फळ्यांमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येत होतं आणि ते पट्टे हळूहळू वाळूवरून सरकताना दिसत होते. आत आवाजच नाही. फक्त मधेच कुठेतरी पत्रा वाजतो. आमच्या आधी कुणी आलेलं नव्हतं म्हणून वाळूवर एक पण पाऊल नव्हतं, फक्त कुठल्यातरी भुंग्याची बारीक माग, त्यामुळे पहिलं पाऊल टाकायला नको वाटलं. सकाळी लवकर जा असं मी सांगते ते याच्यासाठी, साडेदहानंतर सगळीकडे बुटांचे ठसे.

गाव उठलं ते १९२८ मधे दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ याच्याहून कितीतरी मोठे हिरे सापडले म्हणून. लोक सामान तिथेच टाकून तिकडे निघाले, हळूहळू रिकामं होत १९५६ पर्यंत शेवटचे पण गेले. १९८० च्या सुमारास काही इमारती नीट करून म्युझियम केलं, बाकी वाळूवर सोडून दिलंय. त्यामुळे जिने आणि वरचे मजले जपून, काही ठिकाणी फळ्या खरोखर कुजल्यात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर वाळूत चढताना गुडघे दुखतात, बाबांना मी काठी दिली होती ती उपयोगी पडली. सावली फक्त घरांच्या आत. पाणी आणि टोपी न्याच, गॉगल तर हवाच हवा.

हॉलच्या इमारतीत कॅफे आहे, कॉफी छान गरम मिळाली, केक पण. बाबा शाकाहारी असल्यामुळे आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती, ती बाहेर बाकावर बसून खाल्ली. ल्युडरिट्झमधे सगळीकडे मासे आणि ऑयस्टर, खाणाऱ्यांची मजा आहे. दक्षिण आफ्रिकेचे रँड इथे तसेच चालतात. गाडी घेताना वाळूनं रंग आणि काच खरवडली जाते त्याचा वेगळा विमा असतो, तो नक्की घ्या, ऑसकडून येताना शेवटच्या पट्ट्यात वाळू रस्त्यावरून अक्षरशः वाहत असते. ऑक्टोबर ते मार्च वारा जास्त असतो. आम्ही जूनमधे गेलो, तेव्हा निदान सकाळ तरी शांत मिळाली.

परत जाताना बाबांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली. बाजूनं रेल्वेचे रूळ जातात, बऱ्याच ठिकाणी वाळूखाली गेलेले. ते उतरले नाहीत, काच खाली करून बघत राहिले. मग मला विचारलं, त्या मजुराचं नाव काय म्हणाला गं तो, परत सांग. मी सांगितलं आणि त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.