यूएसबी टू सीरियल मॉड्यूल, ८ महिने वापरल्यावर

चिपचा सीरियल डेटा यूएसबीने लॅपटॉपला देणारं हे मॉड्यूल घेतलं तेव्हा काम एकच होतं, एटीमेगा३२८ या मायक्रोकंट्रोलर चिपला लावलेल्या सेन्सरचं तापमान लॅपटॉपवर वाचता येईल असं दिसलं पाहिजे. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर एकसारखं कॅपिटल ए ए ए ए. टीएक्स आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची वायर) अदलाबदल करून झालं, ग्राउंड तपासलं, मॉड्यूल परत करायलाच निघालो होतो. आणि निघालं काय, तर मी ६५ हा आकडा सरळ बाइट म्हणून पाठवत होतो, टर्मिनल (आलेली अक्षरं दाखवणारा लॅपटॉपवरचा प्रोग्राम) बिचारं आस्कीप्रमाणे, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या आकडी कोडप्रमाणे, त्याचा ए दाखवत होतं. ६५ असं दिसायला हवं तर ६ आणि ५ ही दोन अक्षरं पाठवायची, म्हणजे कोड ५४ आणि ५३.

मग दशांश. एव्हीआरच्या (ही चिप त्याच कुटुंबातली) स्प्रिंटएफला, म्हणजे आकड्याचा मजकूर करणाऱ्या फंक्शनला, फ्लोट (दशांश आकडा) दिला की डिफॉल्टला आकड्याच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह येतं (लिंकरला, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या टूलला, वेगळं सांगावं लागतं, फ्लॅश म्हणजे चिपची प्रोग्राम मेमरीही जास्त खातं), म्हणून तापमान १०० पट करून इंटिजरमध्ये (पूर्णांकात) ठेवलं, भागाकार आधी, मग पॉइंट, मग बाकी. २३०५ चं झालं २३.५! दोन आठवडे मला वाटत होतं सेन्सर मधेच अर्धा डिग्री उडी मारतोय, खरं तर बाकी दोन अंकी छापायला मी विसरलो होतो. फ्रीजरमध्ये अजून मजा, उणे ५० भागिले १०० म्हणजे शून्य, आणि शून्याला उणे चिन्ह कुठून येणार, त्यामुळे उणे अर्धा डिग्री बिनदिक्कत ०.५० म्हणून दिसत होता. आता चिन्ह आधी वेगळं छापतो.

फ्रीजरमध्येच एकदा परत कचरा अक्षरं आली, पुन्हा शिव्या मॉड्यूलला. चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर (घड्याळावर) चालत होती, गार पडली की तो सरकतो आणि बॉड रेट (सेकंदाला किती बिट) जुळत नाही. बाहेरून क्रिस्टल (जास्त स्थिर घड्याळ) लावला, विषय संपला.

९६०० बॉडवर एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. ४० अक्षरांची ओळ ४२ मिलिसेकंद खाते आणि माझं रीडिंग दर २० मिलिसेकंदाला, मग तुंबणारच. थेट ११५२०० वर गेलो. आता ओळीत मिलिसेकंद, कॉमा, तापमान एवढंच, फाइल सेव्ह केली की स्प्रेडशीटमध्ये सरळ उघडते.

मॉड्यूलची स्वतःची चूक एकच सापडली. जम्पर (व्होल्टेज निवडायची छोटी टोपी) ३.३ व्होल्टवर ठेवला तरी टीएक्स पिनवर मीटर ५ व्होल्टच दाखवतो, नुसता सप्लाय बदलतो. ३.३ वाल्या बोर्डाला जोडताना व्होल्टेज कमी करायला मधे दोन रेझिस्टर टाकतो.