स्टेम सेलची पाकिटं आणि बाबांचं बोट

घरी शुगरवालं कोणी असेल तर हे वाचाच. बाबांना लई वर्षांची शुगर, तळपाय बधिर, पऱ्हाटीचं खुंट चपलेतून घुसलं ते संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळलं. जखम भरेना. तेवढ्यात आत्याचे जावई मोटरसायकलवर आले, डिक्कीतून डबा काढला, म्हणे स्वित्झर्लंडच्या सफरचंदाचे स्टेम सेल आहेत, म्हणजे नवीन पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी. "मामाजी, डॉक्टर लोकायले पायच कापाचा रायते, हे जिभेखाली ठेवा, नवीन मास येते." मोबाईलवर भरलेल्या जखमांचे फोटो पण दाखवले. डबा साडेसहा हजारांचा, सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते, जावयाला नाही कोण म्हणणार! पायाचं बोट काळं पडलं, वास सुटला, तर म्हणे घाण बाहेर पडून राहिली, आता डबल घ्या. वरून इन्सुलिन हळूहळू बंद करा म्हणे.

शेवटी बहिणीनं पाकीट उलटं करून पाहिलं. बारीक अक्षरात एफएसएसएआयचा, म्हणजे खायच्या वस्तूंना मिळतो तो सरकारी नंबर आणि खाली 'औषधी वापरासाठी नाही'. म्हणजे कागदावर खायची पावडर अन् तोंडानं सांगायचं औषध. अहो सफरचंदाची पेशी झाडाची, पोटात जाऊन पचते, तिचं माणसाचं मांस कुठून होणार?

सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. बोट काढावंच लागलं. नंतर सडलेलं मांस साफ केलं, पायाचा रक्तपुरवठा डॉपलरवर (रक्त कसं वाहते ते दाखवणारी तपासणी) पाहिला, इन्सुलिन परत सुरू, आणि त्या पायावर अजिबात वजन टाकायचं नाही. तेव्हा कुठं जखम भरायला लागली.

तिथल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. शुगरच्या जखमेवर स्टेम सेलचं संशोधन खरंच चालू आहे, पण त्या पेशी माणसाच्या बोन मॅरोतल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या) नाहीतर चरबीतल्या, जिवंत असतात, साठवायच्या तर द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला, उन्हातल्या डिक्कीत नाही. आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमानुसार असा उपचार फक्त ट्रायलमध्येच, ट्रायल सीटीआरआयवर (ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदलेली पाहिजे, आणि त्यात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. कोणी पैसे मागितले की तिथंच समजून घ्या. शुगर बरी करतो अशी जाहिरात करणं तर 1954 च्या औषधं अन् चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानंच गुन्हा आहे.

आम्ही बिल मागितलं तर जावई म्हणाले कंपनी देत नाही. पैसे मात्र त्यांच्या बायकोच्या खात्यात गेले, त्याचे स्क्रीनशॉट आणि उरलेली पाकिटं घेऊन अन्न व औषध प्रशासनात अर्ज दिलाय. आत्या आमच्याशी बोलत नाही.