३० दिवसांत स्तोत्रसंहिता: हा वाचन-तक्ता कितपत चालतो?

स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधले १५० स्तोत्रांचे पुस्तक. रोज ५ स्तोत्रे, ३० दिवसांत १५०. हिशेब सोपा आहे आणि घोळही तिथेच आहे. २४व्या दिवशी ११७वे स्तोत्र २ वचनांत संपते, तर ११९वे तब्बल १७६ वचनांचे. वाचणाऱ्यांची गळती इथेच लागते. त्याची ८-८ वचनांची २२ कडवी आहेत. ती रोज एक अशी २२ दिवसांत वाटून घ्यावीत.

तक्त्याची खरी कमाई विलापस्तोत्रांत, म्हणजे दुःखात देवाला घातलेल्या हाकांत आहे. १३वे पाहा: पहिल्या २ वचनांत 'कुठवर?' ४ वेळा, आणि ६व्या वचनात थेट गाणे. मधे संकट टळल्याचा उल्लेख नाही, फक्त देवाच्या दयेवरचा भरवसा. ख्रिस्ती आनंद उभा राहतो तो यावरच. म्हणून तर बंदिवासातला प्रेषित पौल फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, 'आनंद करा' असे लिहू शकतो. ८८वे मात्र अंधारातच संपते. त्याला ओढूनताणून गोड करू नये.

१४६ ते १५० ही सगळी स्तुतीने सुरू होऊन स्तुतीनेच संपतात. मोठ्याने वाचा, १५०व्यातल्या झांजा मनातल्या मनात काय वाजणार! फक्त हीच पाच निवडून वाचणाऱ्यांची स्तुती लवकर पोकळ होते. वेळ कमी असेल तर ६० दिवस घ्या, पण विलाप गाळू नका.